सतरा नंबरची मच्छरदाणी

संशोधन केंद्र, धुलाई खोली
८ एप्रिल २००६

ताई, पाय धरतो.

तुझं पत्र साइमोनी कंडक्टरने आणून दिलं. पाच दिवस ते त्याच्या खिशात होतं. वरच्या बाजूला माशाचं तेल लागलंय, पण वाचता आलं. तू विचारलंस, एवढ्या मोठ्या आवारात, एवढ्या मोठ्या फाटकाच्या आत, लाडिस्लाउस नक्की करतो काय. ऐक तर. लाडिस्लाउस धुणं धुतो.

हसून झालं असेल तर पुढे वाच. मी औषध लावलेल्या मच्छरदाण्या धुतो. पण तुम्ही बायका धुता तसं नाही. इथे पाणी मोजून दहा लिटर. साबण परदेशातून मागवलेला, तो सोनाराच्या तराजूत तोलायचा. मग काठीने ढवळायचं, मिनिटाला वीस फेरे, दहा मिनिटं, घड्याळ लावून. दोनदा खळबळून सावलीत आडवी पसरायची. नंतर जाळीला काही दिवस आराम, म्हणजे आतलं औषध पुन्हा वर येतं. जाळीला सुट्टी असते, मला नसते. असं वीस वेळा धुवून झालं की जाळीवर डास सोडायचे, तीन मिनिटांनी उचलायचे आणि दुसऱ्या दिवशी किती मेले ते मोजायचं. मधल्या काळात डासांना कापसावर साखरपाणी मिळतं. आमच्या चहात मात्र साखर नसते.

आता खरी बातमी. गेल्या वर्षी तीन गावांत आम्ही साठ मच्छरदाण्या वाटल्या होत्या, तुमच्याही गावात. वर्ष झाल्यावर आमची एडिथा वही घेऊन फिरली, बायकांना किती वेळा धुतली ते विचारलं आणि प्रत्येक जाळीचा हातभर तुकडा कापून आणला. तुकड्यावर फक्त घराचा नंबर. कुणाचं नाव आम्हाला कळू नये असा कडक नियम आहे. निकाल असा की तुम्ही बायकांनी जाळ्या पंधरा-पंधरा, वीस-वीस वेळा धुतल्यात आणि तरी डास पटापट मरतायत. शिरिमा डॉक्टर एवढे खूश की जेवताना दोनदा हसले. आता पत्रक छापणार: 'मच्छरदाणी हवी तशी, हवी तितकी धुवा.' जिल्हाभर वाटायचं. आणि मला धुलाईप्रमुख करणार आहेत.

एकाच घराने घाण केली. नंबर सतरा. तिथल्या तुकड्यावर डास बसले, पाय चोळले आणि दुसऱ्या दिवशी ताजेतवाने उडाले. डॉक्टर म्हणाले, हे काय मध्येच? मी त्यापुढे 'विश्वासार्ह नाही' असं लिहिलं आणि लाल रेघ मारली.

युस्तिना पहिल्या बाळंतपणाला कधी येतेय? दाजींना सांग, भात राखताना डोक्यावर काही घ्या.

तुझा लाडिस

* * *

किलुंगो
१९ एप्रिल

लाडिस,

पाय धरलेस, बरं केलंस. आईच्या घरात स्वतःची चड्डी नदीवर नेली नाहीस आणि आता घड्याळ लावून धुणं धुतोस. आई असती तर तुझ्या डॉक्टरांना जेवायला बोलावून विचारलं असतं, कसं जमवलंत.

युस्तिना आली. सातवा लागलाय. बस चिखलात दोनदा रुतली, शेवटचा टप्पा पोरगी चालत आली, पाय भोपळ्यासारखे. तिला माझ्या खाटेवर झोपवते, मी खाली चटईवर. तुझे दाजी महिनाभर शेतातल्या मचाणावर डुकरं हाकलतायत, तेव्हा जागेची अडचण नाही. ती येणार म्हणून खोली उतरवून धुतली, मच्छरदाणीही पुन्हा धुतली. एडिथाने कापलेल्या जागी मी माझ्या जुन्या कांग्याचं, ते पिवळं लुगडं होतं ना, त्याचं ठिगळ लावलंय. छान दिसतं.

मला एक सांग. ती सतरा नंबरची बाई. ती कशी असेल असं तुला वाटतं? उगीच विचारते. आणि तिच्या घरात, समज, एखादी पोटुशी असेल तर तिने काय करायचं? त्या जाळीखाली झोपायचं की नाही?

गौडेन्सिया

* * *

केंद्र
२८ एप्रिल

ताई, पाय धरतो.

सतरा नंबरची बाई मी डोळे मिटूनही ओळखेन. आळशी. तोंडाळ. घरात चार दिवसांची भांडी पडलेली. जाळी तिने नदीत मासे धरायला वापरली असणार, नाहीतर कोंबड्यांवर टाकली असणार. मग एडिथा येणार कळलं तेव्हा घाबरून उकळत्या पाण्यात घातली. तुकडा कोऱ्या जाळीपेक्षाही पांढराशुभ्र होता, बघूनच संशय आला. वर्षभर वापरलेली मच्छरदाणी कधी एवढी पांढरी असते का? तिने वहीत चोवीस धुण्यांचा आकडा दिलाय. चोवीस. केवढी ती थाप. खोटं बोलायचं तरी मापात बोलावं.

तिच्या घरात पोटुशी असेल तर तिचं नशीब. पोटुशीला हिवताप झाला तर आईपेक्षा बाळाचं जास्त बिघडतं, वाढच खुंटते, असं इथे भिंतीवर लिहिलंय. पण डॉक्टर म्हणाले ते खरं आहे: एका बाईच्या गलथानपणाने साऱ्या जिल्ह्याचं काम अडवायचं नाही.

तू युस्तिनाची काळजी करू नकोस. तुमच्या गावच्या जाळ्या अव्वलच असणार. निवांत झोपू दे पोरीला.

पत्रक वीस मेला छापखान्यात जातं. माझ्या नव्या खोलीला खिडकी आहे.

लाडिस

* * *

किलुंगो
६ मे

धुलाईप्रमुख साहेब,

तुझं पत्र मी युस्तिनाच्या उशाशी बसून वाचलं. तिला तीन दिवस ताप आहे. दवाखान्यात बोट टोचलं, काच बघितली, हिवताप निघाला. क्विनीन चालू आहे. त्या गोळ्यांनी पोरीच्या कानात रातकिडे ओरडतायत आणि गिळलेलं सगळं बाहेर येतंय.

माझ्या दाराच्या चौकटीवर तुमच्या एडिथाने गेल्या वर्षी लाल रंगाने सतरा काढलंय. दोन वर्षांत एकदा घरी आला असतास तर तुला दिसलं असतं.

तर ती आळशी, तोंडाळ बाई तुला कळवते की जाळी मासे धरायला वापरली नाही. दर दुसऱ्या शनिवारी नदीवर नेली. आदल्या दिवशी राखेच्या पाण्यात भिजवली, निळी पावडर घातली, दगडावर आपटली, लिंबू पिळलं आणि काटेरी कुंपणावर भर उन्हात टाकली. आई तुझी दुपटी अशीच धुवायची, म्हणून तू धडधाकट वाढलास. पावसाच्या दोन शनिवारी जमलं नाही. म्हणून चोवीस. मी मोजते.

आता बाकीच्यांचं ऐक. एडिथा आंब्याखाली बसली, आमच्या आळीतल्या आम्ही सगळ्याजणी समोर. तिने सगळ्यांदेखत मोठ्याने विचारलं, "मच्छरदाणी किती वेळा धुतलीत?" अरे, आठ बायकांपुढे असा प्रश्न कोण विचारतं? पेलाजिया पहिली. ती म्हणाली, "पंधरा वेळा." मग लेओकाडियाला पंधरापेक्षा कमी कसं चालेल? तिची सासू शेजारीच बसलेली. ती म्हणाली, "अठरा." पुढची वीस. तिच्या पुढची वीस आणि वर, "कधीकधी मधल्या वारीही." लिलाव चालला होता. बिचारी एडिथा भराभर लिहीत होती, वर मान करून बघत नव्हती. मी शेवटची. मी खरं सांगितलं आणि बायका खाली बघून हसल्या.

पेलाजियाची जाळी अजून पिशवीतून निघालेली नाही. मुलाच्या लग्नात नव्या जोडप्याच्या खाटेवर लावायची म्हणून पेटीत आहे. एडिथाने तुकडा कापला तेव्हा पेलाजिया रडली. लेओकाडियाने एकदा धुतली असेल, तीही बोकड शिंकला म्हणून. तुझे डास न वापरलेल्या जाळ्यांवर मेले, साहेब. माझ्या जाळीवर ते जगले, कारण ती एकटीच खरोखर धुतलेली होती. तीच तू लाल रेघेने उडवलीस.

निवांत झोपू दे, म्हणालास. झोपू दिलं.

गौडेन्सिया

* * *

केंद्र
१० मे

ताई,

काय लिहू? तुझे पाय धरायचीही लाज वाटते.

साइमोनीबरोबर नवी मच्छरदाणी पाठवतोय. भांडारातून सही करून घेतली, चोरलेली नाही. आजच लाव. कडा गादीखाली खोच. आणि हात जोडतो, धुऊ नकोस. मळू दे, काळी होऊ दे, पण धुऊ नकोस.

काल दोनदा डॉक्टरांच्या दारापर्यंत गेलो. पहिल्यांदा त्यांनी विचारलं, "काय काम?" मी म्हणालो, "साबण संपत आलाय." दुसऱ्यांदा म्हणालो, "साबण आला." अशी माझी छाती. खिडकीची खोली डोळ्यांपुढून हलत नाही, खोटं कशाला बोलू.

तू सांगितलंस ते मी तसंच त्यांच्यापुढे ठेवलं तर ते म्हणतील, बहिणीने गावगप्पा कळवल्या. मला खरे आकडे लागतील. प्रत्येक घराचा नंबर आणि खरंच किती वेळा धुतली. नावं नकोत. अठरा तारखेच्या आत मिळाले तर पत्रक थांबवायला बघतो. नाही मिळाले तर जिल्हाभर बायका तुझ्यासारख्या धूत बसतील आणि आम्हीच त्यांना तसं सांगितलेलं असेल.

मधल्या काळात मी एक उद्योग सुरू केलाय. केंद्राची कोरी जाळी घेऊन खानावळीमागच्या दगडावर तुझ्या पद्धतीने धुतोय. राख, निळी पावडर, लिंबू, सगळं. आराम-बिराम नाही. स्वयंपाकी विचारतो, पगार पुरत नाही का.

युस्तिनाचं लगेच कळव.

लाडिस

* * *

किलुंगो
१५ मे

लाडिस,

जाळी मिळाली. लावली. युस्तिनाचा ताप दोन दिवस उतरला होता, परवा पुन्हा चढला. बाळ पोटात हलतं, पण आधीसारखं लाथा मारत नाही. सुईण पोटाला कान लावून बसते आणि माझ्याकडे बघत नाही. मला भीती वाटते. एवढंच लिहिते, जास्त लिहिलं तर खरं होईल.

तुझे आकडे. ते कसे मिळाले ते ऐक, कारण तुझ्या चाचणीपेक्षा ते अवघड होतं.

आजारी पोरीला भेटायला बायका आल्याच. कुणी भाताची पेज आणली, कुणी सुका मासा. सगळ्या खाटेभोवती बसल्या. पेलाजिया म्हणाली, "गौडेन्सिया, तुझ्याच घरात हिवताप कसा? तुझं घर तर एवढं स्वच्छ." तेव्हा मी जुनी जाळी त्यांच्या मांडीवर टाकली आणि म्हणाले, "स्वच्छ होतं म्हणूनच. मी धुऊन धुऊन हिच्यातलं औषध नदीला पाजलं. माझ्या पोरीला हा ताप मीच आणला. आता तुम्ही खरं सांगा, नाहीतर सरकार तुम्हाला सांगणार की माझ्यासारखं धुवा, आणि मग तुमच्या सुनांच्या खाटेशी मला पेज घेऊन यावं लागेल."

लेओकाडियाची सासू खोकली. मी म्हणाले, "ठीक आहे, पेज ठेवा आणि जा."

तेव्हा पेलाजिया बोलली, जमिनीकडे बघत. "माझी एकदाही नाही. पेटीत आहे." मग लेओकाडिया म्हणाली, "माझी एकदा." सासू तिच्याकडे वळली, तशी ती चटकन म्हणाली, "आणि यांची शून्य, यांनी तर जाळीत कांदे ठेवलेत." त्यानंतर त्या थांबेनात. एकमेकींचं सांगू लागल्या, स्वतःचं सांगायला वेळ लागला.

घर ११: शून्य. घर १२: एक. घर १३: शून्य, कांदे. घर १४: दोन. घर १५: तीन, तिसऱ्या वेळी नुसती पाण्यातून काढली. घर १६: शून्य. घर १८: दोन.

तू नावं नको म्हणालास आणि मी पत्रभर नावं लिहिली. डॉक्टरांना पत्र दाखवू नकोस, एवढा तुकडा फाडून दे. आणि या वेळी साबणाचं बोलू नकोस.

गौडेन्सिया

* * *

केंद्र
२४ मे

ताई, पाय धरतो. या वेळी खरंच धरतो.

गेलो. आत गेल्याबरोबर कागद टेबलावर ठेवला, नाहीतर पुन्हा साबण निघाला असता.

डॉक्टरांनी वाचला. चष्मा काढला. "हे कुणी गोळा केलं?"

"सतरा नंबरने."

"तुला सतरा नंबर कोण ते कसं माहीत? नियम काय आहे?"

"सर, ती माझी बहीण आहे."

"म्हणजे बहिणीच्या अंगणातल्या गप्पांवर मी वर्षाचं काम टाकून देऊ?"

मी म्हणालो, "गप्पांवर नको. माझ्याबरोबर मागे चला."

खानावळीमागची जाळी मी चौदा दिवसांत चोवीस वेळा धुतली होती. हाताची सालं गेलीत. डॉक्टरांनी स्वतः पन्नास डास सोडले, कुणाला हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी स्वतःच मोजायला बसले. मेलेले चार. त्यातले दोन त्यांच्याच चिमट्याने मेले असावेत, पण मी बोललो नाही. तीनदा मोजलं. मग म्हणाले, "लाडिस्लाउस, साठातला हा एक आकडा खरा होता आणि आपण तोच खोडला." 'आपण' म्हणाले. मोठा माणूस.

पत्रक थांबलं, पण छापून झाल्यावर. चार हजार प्रती. हे पत्र त्यातल्याच एकाच्या पाठीवर लिहितोय, उलटून बघ, 'हवी तितकी धुवा' वाचायला मिळेल. आता नवं येणार: साध्या साबणाने, गार पाण्यात, हलक्या हाताने, सावलीत, आणि वर्षातून चारदाच. एडिथा पुन्हा गावोगाव फिरणार आहे. या वेळी प्रत्येक बाईला घरात नेऊन एकटीला विचारणार. हे सुचायला केंद्राला किती पदव्या लागल्या ते मोजत नाही.

धुलाईप्रमुखपदी दुसऱ्याला घेतलं. भांडारातल्या जाळीवर परवानगीशिवाय प्रयोग केला असा ठपका आहे. खिडकी गेली. मी पुन्हा टबाशी.

त्याचं काही नाही, ताई. मी ज्या बाईला शिव्या दिल्या तिची लेक तापाने फणफणतेय. मला झोप लागत नाही. दोन ओळी तरी लिही.

लाडिस

* * *

किलुंगो
२ जुलै

लाडिस,

उशीर झाला. लिहिण्यासारखं काही होईपर्यंत लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

युस्तिना महिनाभर आधीच बाळंत झाली. अकरा जूनला. मुलगी. दवाखान्यातल्या काट्यावर सतराशे ग्रॅम. नर्सने ती मला दिली तेव्हा मला वाटलं, नुसतंच फडकं दिलं. रडलीही नाही, नुसतं तोंड उघडलं. नर्स म्हणाली, हिवतापाची बाळं अशीच येतात. तिने पोरीला युस्तिनाच्या छातीवर उघडंच ठेवलं, वरून कांगा गुंडाळला आणि म्हणाली, असंच ठेवायचं, दिवसभर, रात्रभर. तेव्हापासून दोघी आळीपाळीने तिला छातीशी बांधून घेतो. तुझे दाजी भात कापून आले, त्यांनीही बांधून घेतली. डुकरं हाकलणारा माणूस हलत नव्हता, पाणी पण प्यायला नाही.

तुझी जाळी खाटेवर आहे. तिची अवस्था बघवत नाही. चुलीचा धूर बसून पिवळी पडली, खालची कड चिखलाने कडक झालीय, एका कोपऱ्यात पाल मरून वाळली ती मी बोटाने काढली. बायका बाळ बघायला येतात आणि आधी जाळी बघतात. पेलाजियाने पेटीतली काढून लावली, ती नवी कोरी आहे. तिच्या घरून परत येताना माझ्या खोलीत शिरलं की लोकांना नाक धरावंसं वाटत असेल. दर दुसऱ्या शनिवारी माझे हात आपोआप तिच्याकडे जातात. युस्तिना म्हणते, "आई, बाहेर जा." मी बाहेर जाऊन दुसरं काहीतरी धुते. परवा अंगणातले दगड धुतले.

काल एडिथा आली. तुमच्या नव्या नियमाप्रमाणे मला एकटीला विचारायचं म्हणून आत आली आणि दार लावायला निघाली. पाहुणी घरात असताना दार लावलं तर गाव म्हणेल आत कुणीतरी मेलं. मी दार उघडंच ठेवलं. सगळ्या जणी उंबऱ्याशी येऊन उभ्या, लेओकाडिया, तिची सासू, चर्चमधल्या दोघी, ज्यांना मीच शिकवलं होतं वेदीचं कापड कसं पांढरं ठेवायचं ते.

एडिथाने माझ्या कानाशी येऊन हळूच विचारलं, "मावशी, ही किती वेळा धुतली?"

या गावात चाळीस वर्षं माझ्या घरातलं कुठलंही फडकं कुणी मळकं पाहिलेलं नाही. तू जाणतोस. मी त्या पिवळ्या जाळीकडे बघितलं आणि बाहेर शेवटच्या बाईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं, "एकदाही नाही. लिहून घे."

बाहेर कुणीतरी चुकचुकलं. चुकचुकू दे. पोरीचं वजन सोमवारी दोन किलो दोनशे भरलं.

गौडेन्सिया